स्वप्नात पडत असाल तर: अर्थ कसा लावायचा आणि पुढे काय करायचं

स्वप्नात उंचावरून पडणं हा अपशकुन नाही. हे सगळ्यात आधी सांगते, कारण हा प्रश्न घेऊन येणारं माणूस बहुधा रात्रभर जागलेलं असतं आणि कुणीतरी त्याच्या मनात आधीच भलतंसलतं भरवलेलं असतं. घरात कुणाचं तरी बरंवाईट होणार, नोकरीवर गदा येणार, साडेसाती लागली. असलं ऐकलं की धडधाकट माणूसही खचतो. आपल्या परंपरेनं या स्वप्नाचा विचार पूर्वीच करून ठेवलाय, आणि तो माणसाला सावरणारा आहे.

मी खानदेशातल्या अमळनेरची. शाळेत संस्कृत शिकवलं, आता देवळाच्या ओसरीवर संध्याकाळी गीतेचा वर्ग घेते. बोरीकाठच्या आमच्या गावाला सखाराम महाराजांची वाडी आहे, वैशाखातली यात्रा आहे, आणि १९१६ साली प्रताप शेठजींच्या पुढाकारानं उभं राहिलेलं तत्त्वज्ञान मंदिरही आहे. त्यामुळे इथे देवाधर्माचा प्रश्न विचारायला कुणी लाजत नाही. वर्ग सुटला की चपला घालता घालता एखादी बाई मागे रेंगाळते, "बाई, एक विचारू का?" म्हणते, आणि मला कळतं की स्वप्नाचं आहे. त्यांना मी जी रीत सांगते तीच इथे लिहिते.

उठल्याबरोबर

दचकून जाग आली की लगेच उठून बसू नका. त्याच कुशीवर डोळे मिटून थोडे श्वास जाऊ द्या. कूस बदलली की स्वप्न निसटतं. मग उशाशी ठेवलेल्या वहीत लिहा. मोबाईलवर लिहायला जाऊ नका, तो उघडला की चार मेसेज दिसतात आणि स्वप्न गेलंच म्हणून समजा.

लिहायचं ते इतकंच: कुठून पडलात. पाय घसरला, कुणी ढकललं, की आपणच सोडून दिलं. पडायच्या आधी कशाला धरलं होतं. वर कोण उभं होतं. तळ लागला का. आणि पोटात जो गोळा आला तो भीतीचा होता, लाजेचा होता, की सुटल्याचा. वेळ लिहायला विसरू नका: झोप लागता लागताच, मध्यरात्री, की पहाटे.

ज्या बोलीत घरी बोलता त्याच बोलीत लिहा. अहिराणी बोलणारी माणसं वही हातात आली की शाळेतल्या निबंधासारखं 'मी विहिरीत कोसळलो' असं लिहितात आणि नेमकं तेच गळतं ज्याच्यावर पुढचं सगळं उभं असतं. पारोळ्याकडच्या एका शेतकऱ्यानं मला सांगितलं होतं, "बाई, मी हिरमा पडनू. मना हात सुटना." त्यानं शुद्ध मराठीत सांगायचा प्रयत्न केला असता तर हात सुटल्याचं आलंच नसतं. त्याच्या विहिरीकडे पुढे येते.

आधी शरीराकडे बघा

झोप लागता लागताच पाय निसटल्यासारखा झाला, अंगाला झटका बसला आणि जाग आली, तर ते बहुतेक वेळा शरीराचंच काम असतं. डॉक्टर त्याला हिप्निक जर्क म्हणतात. जागेपणातून झोपेत शिरताना स्नायू सैल पडत असतात, मध्येच त्यांना एक झटका बसतो, आणि अर्धवट झोपलेलं मन त्या झटक्याला पडण्याचं चित्र जोडून देतं. पुष्कळ लोकांना हे कधी ना कधी होतं. थकवा, अपुरी झोप, ताण, संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी यांनी ते वाढतं.

आपल्या भागात याची कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. यावल-रावेरच्या केळीच्या बागांना पाणी द्यायचं तर शेतीची लाईट कित्येकदा रात्रीचीच मिळते. माणूस मध्यरात्री उठतो, बॅटरी घेऊन विहिरीवर जातो, मोटार चालू करतो, अंधारात ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवत चिखलातून पाय सांभाळत हिंडतो, आणि पहाटे येऊन अंग टाकतो. त्याला झटका बसला तर नवल ते काय? भुसावळला गाडीवर ड्यूटी करणाऱ्या रेल्वेच्या माणसांचंही तेच, आज झोप रात्रीची, उद्या दुपारची. अशांना मी अर्थ सांगायला बसत नाही. आठवडाभर झोपेची वेळ सांभाळा, सायंकाळचा चहा सोडा, रात्री दहाला तर्रीची शेवभाजी खाऊन आडवं होऊ नका, आणि त्यावरही स्वप्न आलं तर या, असं सांगून पाठवते.

ही गाळणी काही आजची नाही. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत: पाहिलेल्या गोष्टींचं, ऐकलेल्याचं, अनुभवलेल्याचं, मनात धरलेल्या इच्छेचं, कल्पनेचं, पुढचं सुचवणारं, आणि वात-पित्त-कफ बिघडल्यामुळे पडणारं. यातले पहिले पाच प्रकार फळ देत नाहीत, असं चरक स्पष्ट सांगतात. दिवसा पडलेलं, अगदी तुटक किंवा फारच लांबलेलं स्वप्नही ते सोडून द्यायला सांगतात. म्हणजे आदल्या दिवशी तोरणमाळला सीताखाईच्या कठड्यावरून खाली वाकून बघितलं आणि रात्री दरीत पडलात, तर ते बघितलेल्याचं स्वप्न. त्याला वहीत एक ओळ द्या आणि मोकळे व्हा.

पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणून घाबरणारे पुष्कळ भेटतात. पहाटेकडे स्वप्नांची झोप लांबत जाते आणि त्यातूनच आपण जागे होतो, म्हणून ते स्वप्न लख्ख आठवतं. ते आठवतं म्हणून घडतं, असं मात्र नाही.

स्वप्नात ओरडणं, लाथा झाडणं, खरोखर खाटेवरून खाली येणं असं घरातल्या वडीलधाऱ्यांना वारंवार होत असेल, उठल्यावर चक्कर येत असेल किंवा नवी गोळी सुरू झाल्यापासून हे लागलं असेल, तर आधी डॉक्टर. तिथे पोथी उघडू नका.

याज्ञवल्क्यांनी जनकाला काय सांगितलं

शरीराची कारणं बाजूला काढूनही स्वप्न पुन्हा पुन्हा येत असेल, तर आता त्याच्याशी बोलायचं.

बृहदारण्यक उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात, तिसऱ्या ब्राह्मणात, याज्ञवल्क्य जनकराजाला झोपेविषयी समजावतात. तिथे पडण्याचं स्वप्न थेट आलेलं आहे. ते म्हणतात की स्वप्नात माणसाला वाटतं, आपल्याला कुणी मारतंय, कुणी जिंकून घेतंय, हत्ती पाठीस लागलाय, आपण खड्ड्यात पडतोय. जागेपणी जे भय त्यानं पाहिलेलं असतं तेच तो अज्ञानानं तिथे खरं मानतो. आणि लगेच पुढे सांगतात की त्याच स्वप्नात जेव्हा त्याला वाटतं 'हे सगळं मीच आहे', तो त्याचा सर्वांत उंच लोक.

मला यातून दोन कामं दिसतात. पहिलं काम शोधाचं. खड्डा रात्रीचा असला तरी भय दिवसाचं आहे, तेव्हा ते दिवसात कुठे आहे ते हुडकायचं. दुसरं काम साक्षीचं. मांडूक्य उपनिषदात, अवघ्या बारा मंत्रांत, जागृती, स्वप्न, गाढ झोप आणि या तिन्हींना व्यापून असलेलं चौथं, असा हिशेब मांडला आहे. ज्यानं पडणं पाहिलं तो पडला नाही. सकाळी वहीत स्वप्न लिहून झालं की खाली एक वाक्य लिहा: 'हे मी पाहिलं.' आणि मिनिटभर त्या पाहणाऱ्याकडे लक्ष द्या. नुसतं वाचून हे पटणार नाही. थोडे दिवस करून बघा, छातीतली धडधड लवकर खाली बसते.

मात्र साक्षीचं काम आधी आणि शोधाचं नंतर, असा आळस करू नका. 'मी तर आत्मा, मला काय होतंय' असं म्हणत घरातलं देणं अंगावर काढणारी माणसं मी पाहिली आहेत. शोध आधी.

हातातून काय सुटलं

बाजारात मिळणाऱ्या पुस्तिकांत 'झाडावरून पडणे', 'घोड्यावरून पडणे' अशा याद्या असतात आणि प्रत्येकीपुढे एक फळ. त्यांचा मला उपयोग दिसत नाही, कारण विहीर प्रत्येकाची निराळी असते. मी एकच प्रश्न विचारते: पडायच्या क्षणी तुम्ही कशाला धरलं होतं, आणि ते कसं सुटलं? ज्या आधारावर आपण मनातून उभे असतो तोच तिथे हातात असतो. अध्यात्माच्या अंगानं पाहिलं तर या स्वप्नाचा अर्थ आधाराचा आहे.

पारोळ्याच्या त्या शेतकऱ्याचंच घ्या. त्याची विहीर खरीच, त्याच्या रानातली, वडिलांनी खोदलेली. स्वप्नात तो मोटारीच्या पाइपाला धरून खाली उतरतोय, हात सुटतो, आणि पडताना वर बघतो तर बायको काठावर उभी आहे, त्याच्याकडे बघतेय, पण हाक मारत नाही. तळ लागत नाही. मी त्याला विहिरीबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं ते बायकोबद्दल: "ती का नाही ओरडली?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तिले माहीतच नही ना." मेहुण्याच्या कर्जाला तो जामीन राहिला होता, मेहुण्याचे हप्ते थकले होते, आणि घरात यातलं एक अक्षर त्यानं काढलं नव्हतं.

सगळ्यांनी सांगितलं असतं की विहीर म्हणजे कर्ज. मला तसं वाटलं नाही. कर्जात तो एकटा उतरला होता, आणि बायकोचा आधार त्यानं आपल्या हातानं सोडला होता. त्याला मी एकच उपाय सांगितला, कसलंही पारायण नाही: आज रात्री जेवणं झाली की तिला सांगा. त्यानं सांगितलं. भांडण झालं, ती दोन दिवस बोलली नाही, मग स्वतःच बँकेत सोबत गेली. पुढे तो एकदा आला तेव्हा म्हणाला, स्वप्न पुन्हा पडलं, तसाच हात सुटला, पण या वेळी मी खालून तिला हाक मारली. तिनं ओ दिली की नाही ते त्याला आठवत नव्हतं. ते मला महत्त्वाचं वाटलंही नाही, हाक निघाली यातच मला सगळं मिळालं.

तुम्हीही विहिरीत पडत असाल तर वर काठावर कोण होतं, ते सगळ्यात आधी लिहा. कुणीच नव्हतं, तर तेही.

खुर्चीवरून, गच्चीवरून, व्यासपीठावरून पडणं हे बहुधा निवृत्तीच्या आगेमागे, नाहीतर सत्ता, मान, हुद्दा हातातून जाताना येतं. अशा माणसाला मी ययातीची गोष्ट सांगते, महाभारतातल्या आदिपर्वातली. ययाती पुण्याच्या बळावर स्वर्गात गेला होता. तिथे इंद्रानं विचारलं, तपात तुझ्या बरोबरीचा कोण? ययाती म्हणाला, देवांत, माणसांत, गंधर्वांत, ऋषींत मला कुणीच दिसत नाही. इतकं बोलला आणि त्याचं पुण्य सरलं, तो खाली पडू लागला. पडता पडता त्यानं एवढंच मागितलं की मला सज्जनांच्यात पडू दे. आणि तो पडला तो आपल्याच नातवांमध्ये, लेकीच्या मुलांमध्ये, अष्टक, प्रतर्दन, वसुमान, शिबी यांच्यात. त्यांनी आपलं पुण्य त्याला देऊ केलं.

ही गोष्ट अहंकार वाईट असं शिकवायला म्हणून सांगतात, ते ठीकच. मला तिच्यातलं मागणं मोलाचं वाटतं. पडणं टळत नव्हतं, मग कुठे पडावं एवढं तरी त्यानं निवडलं. म्हणून उपाय असा करा. वहीच्या मागच्या पानावर अशा माणसांची नावं लिहा की ज्यांच्या अंगणात तुम्ही हुद्दा, पैसा, तब्येत सगळं गमावून पडलात तरी ते 'ये, बस' म्हणतील. ती नावं थोडी निघतील. निघाली की त्यातल्या एकाकडे त्या आठवड्यात काहीही काम न काढता जाऊन या. जिभाऊकडे जा, मावसबहिणीकडे जा, जुन्या शाळेतल्या शिपायाकडे जा. चहा घ्या, घरी या. नाव एकही निघालं नाही, तर स्वप्नानं तुम्हाला फार वेळेवर जागं केलंय असं समजा आणि एखाद्या सत्संगाला, भजनी मंडळाला, वाचनाला नियमानं जायला लागा. सज्जन आधी जोडलेले असावे लागतात.

साधना करणाऱ्यांचं पडणं आणखी निराळं. देवळाच्या पायऱ्यांवरून, कळसावरून, वारीच्या वाटेवरून घसरणं. मुक्ताईनगरहून आषाढीला निघणाऱ्या पालखीबरोबर पुष्कळ वर्षं पायी चाललेल्या एका बाबांना गुडघ्यांमुळे वारी सोडावी लागली, आणि त्या ज्येष्ठात त्यांना रोज स्वप्न: दिंडी पुढे जातेय, टाळ ऐकू येतायत, आणि ते तापीच्या पुलावरून खाली चाललेत. त्यांना वाटलं, पांडुरंगानं आपल्याला टाकलं.

हा प्रश्न अर्जुनानं आधीच विचारून ठेवलाय. गीतेच्या सहाव्या अध्यायात तो म्हणतो, ज्याची श्रद्धा आहे पण मन योगातून ढळलं, तो फुटलेल्या ढगासारखा दोन्हीकडून नाहीसा तर होत नाही ना? आणि भगवंत ज्या मायेनं उत्तर देतात ती माया मला गीतेत फार थोड्या ठिकाणी दिसते. अर्जुनाला ते 'तात' म्हणतात, लेकराला म्हणावं तसं: 'न हि कल्याणकृत्कश्चिद्दुर्गतिं तात गच्छति.' चांगलं करणारा कुणीही दुर्गतीला जात नाही. पुढे सांगतात की त्यानं केलेलं वाया जात नाही, पुढच्या जन्मी तो तिथूनच उचलतो. बाबांना मी हा चाळीसावा श्लोक पाठ करायला दिला आणि म्हटलं, पालखी निघेल त्या दिवसापासून घरच्या ओट्यावर बसून रोज त्याच वेळी हरिपाठ म्हणा, ज्या वेळी दिंडीत म्हणायचात. नातसुनेनं शेजारच्या पोरांना गोळा केलं. आता ओट्यावर जागा पुरत नाही.

हरिपाठ, पोथी, उपास मोडला म्हणून पडण्याची स्वप्नं बघणाऱ्या लेकीसुनांनाही हेच. बाळंतपणात, आजारपणात नेम मोडतो. जिथे तुटलं तिथून उचला, मागची भरपाई करत बसू नका. घरंगळण्याबद्दल सावध राहायचं ते वेगळ्या ठिकाणी. विवेकचूडामणी या वेदांताच्या ग्रंथात म्हटलंय की ध्येयावरून ढळलेलं मन जिन्यावर हातातून निसटलेल्या चेंडूसारखं पायरीपायरीनं खाली जातं. पायऱ्यांवरून पडत असाल तर मोठा अपघात शोधू नका, गेल्या काही महिन्यांत केलेल्या लहान लहान सवलती शोधा. उद्यापासून, एकदाच, कुणाला कळतंय, अशा. तिथे पहिली पायरी कुठली होती ते सापडलं की तेवढीच परत चढायची.

कुणी ढकललं, असं असेल तर दुसऱ्या दिवशी त्या माणसाशी वैर धरू नका. हे फार होतं. स्वप्नात जावेनं ढकललं म्हणून सकाळी तिच्याशी अबोला. ढकलणारा चेहरा बहुधा तो असतो ज्याच्यापुढे आपण कमी ठरायला घाबरतो, आणि ते भय आपलं असतं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, झोक्यावरून पडण्याचं स्वप्न मला लग्न ठरलेल्या किंवा नुकत्या सासरी गेलेल्या मुलींकडून ऐकायला मिळतं. निंबाला बांधलेला दोर, मैत्रिणींची गाणी, झोका खूप वर गेलेला आणि दोर तुटला. याला अर्थ लावत बसण्यापेक्षा त्या मुलीला माहेरी फोन करू द्या. पोटभर बोलली की झालं.

रात्री झोपताना, सकाळी उठताना

हातपाय धुवा, तळपायांना तेल चोळा. जेवण आणि झोप यांत अंतर ठेवा. दिवसातलं राहिलेलं एखादं बोलणं, देणं, माफी मागणं असेल तर वहीत 'उद्या' म्हणून लिहून ठेवा, म्हणजे ते उशाखाली घेऊन झोपावं लागत नाही. मग हा श्लोक, आमच्या आजी-पणजींपासून चालत आलेला:

रामं स्कन्दं हनूमन्तं वैनतेयं वृकोदरम्।
शयने यः स्मरेन्नित्यं दुःस्वप्नस्तस्य नश्यति॥

राम, स्कंद, मारुती, गरुड आणि भीम. यातला मारुती समुद्र उडून गेलेला आणि गरुड आकाशात राहणारा, म्हणून पडणाऱ्यानं त्या दोघांवर मन थोडं जास्त ठेवावं, असं मी सांगते. हे माझं सांगणं, कुठल्या ग्रंथातलं नाही.

स्वप्न चिवट असेल तर पहाटे गजेंद्रमोक्ष वाचा. भागवताच्या आठव्या स्कंधात ही कथा सांगून झाल्यावर शुकाचार्य म्हणतात की ही ऐकणाऱ्याची दुःस्वप्नं नाहीशी होतात. का ते कथा वाचताना कळतं. नक्रानं, म्हणजे मगरीनं, पाय धरून हत्तीला पाण्यात खाली ओढत नेलंय, बरोबरचे हत्ती दमून थांबलेत, अंगातलं बळ संपलंय, आणि त्या अवस्थेत तो सोंडेनं कमळ वर धरतो. खाली जाणाऱ्यानं वर काय धरावं, ते तिथे दिसतं. संस्कृत जमत नसेल तर मराठीतून वाचा, समजून वाचलेलं जास्त लागू पडतं.

सकाळी पाय जमिनीवर टेकवण्याआधी तळहात जमिनीला लावून 'समुद्रवसने देवि पर्वतस्तनमण्डले, विष्णुपत्नि नमस्तुभ्यं पादस्पर्शं क्षमस्व मे' म्हणायची आपली रीत आहे. पडण्याचं स्वप्न पडलेल्या दिवशी ती घाईनं उरकू नका. हात टेकलेलाच ठेवा. फरशीचा गारवा, खालची शेणानं सारवलेली जमीन असेल तर तिचा खरखरीतपणा, तळव्याला नीट कळू द्या. रात्रभर जो तळ लागला नाही तो हा आहे, हे मनाला सांगण्यापेक्षा हाताला कळलेलं बरं.

स्वप्नाचा उलगडा झाला की त्याच दिवशी, दिवा लागायच्या आत, एक कृती करा. पैसे परत करणं असेल, फोन असेल, डॉक्टरांची वेळ घेणं असेल. अर्थ कळून काहीच केलं नाही तर स्वप्न परत येतं, असा माझा अनुभव आहे.

इथे अर्थ लावायचा नाही

स्वप्नात पडताना भीती न वाटता सुटल्यासारखं, बरं वाटलं असेल, आणि जागेपणीही 'आता नको हे जगणं' असं मनात येत असेल, तर वही मिटा आणि घरातल्या जवळच्या माणसाला लगेच सांगा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, १४४१६ या नंबरवर दिवसरात्र केव्हाही फोन लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. कापसाचा भाव पडलेल्या वर्षी आपल्या गावांनी काय काय पाहिलंय ते मी निराळं सांगायला नको. घरातल्या कुणी असं स्वप्न सांगितलं तर त्याला एकटं सोडू नका, उपदेश करू नका, शेजारी बसा, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सोबत जा.

तसंच, या स्वप्नावर कुणी उतारा, कोंबडं, बंदोबस्त म्हणून पैसे मागितले तर द्यायचे नाहीत. भूतबाधेची भीती घालून छळणाऱ्या, लुबाडणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, पोलिसांत तक्रार करता येते. भयातून सोडवणं हे ज्याचं काम, तो भय विकत नाही.

लेकरांचं

मुलं पडण्याची स्वप्नं खूप बघतात आणि त्यांचा अर्थ शोधायचा नसतो. रडत उठलं तर दिवा लावा, पाणी द्या, जवळ घ्या, आणि कुठे पडलास ते सांगू द्या. मध्ये बोलू नका. सांगून झालं की विचारा, "मग खाली कोण होतं?" आणि उत्तर त्यालाच ठरवू द्या. एका मुलानं सांगितलं, खाली कापसाची गाडी होती. एकीनं सांगितलं, मारुती झेलायला आला. चरक म्हणतात की वाईट स्वप्नानंतर लगेच चांगलं स्वप्न पडलं तर फळ चांगलंच मिळतं, म्हणून त्या मुलाला कापसाच्या गाडीवर ठेवूनच परत झोपवा. सकाळी दप्तर भरताना पुन्हा विषय काढू नका. त्याला आठवलं तर तो स्वतः सांगेल.